ताबा फक्त जिभेचा नसतो

मी एमआरआय मशीनवर काम करते. जाड पेशंटला सोबतचे नातेवाईक ‘जिभेवर ताबा नाही हिचा’ म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. चमचमीत काही दिसलं की सावध होणारं एक जाळं मेंदूत असतं, ‘इन्शुला’ नावाच्या भागाभोवतीचं; आवर घालणारं दुसरं, बरंचसं कपाळामागचं. माणूस नुसता पडून असताना रक्तातल्या ऑक्सिजनचे बारीक चढउतार टिपले, की या जाळ्यांचा आपसातला मेळ कळतो. (रोजच्या तपासणीत हे करत नाहीत, संशोधनात करतात.) लठ्ठ व्यक्तींमध्ये हा मेळ वेगळा असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. मेळ आधी बिघडला की वजन आधी वाढलं? एका स्कॅनवरून ते ठरत नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्कॅन केलेल्या काही रुग्णांत मात्र हा मेळ बदललेला आढळला.