मूग गिळू नका, गोणी उघडा!

इंग्रजी व्होकॅब्युलरी वाढवायची म्हटलं की आपण सगळे एकच गोष्ट करतो. एक जाडजूड वर्डलिस्ट आणतो, 'ए'पासून सुरुवात करतो, रोज वीस शब्द पाठ करतो आणि 'सी' यायच्या आत पुस्तक उशीखाली जातं. खरं सांगा, 'अबेट' आणि 'अबेयन्स'च्या पुढे किती जण गेलात? प्रॉब्लेम तुमच्या मेमरीचा नाही, बॉस. एका अक्षराने सुरू होणारे शब्द शेजारी बसवले म्हणून त्यांची कुणाशी ओळख होत नाही.

त्यापेक्षा हा फंडा ट्राय करा. 'एन' आणि 'जी' ही दोन अक्षरं घ्या. शब्दात कुठेही आली तरी चालतील. आणि एक सकाळ काढून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात या.

मी गेले ते माझ्या एका मित्राला घेऊन. तो मराठी मीडियमचा, कोडिंगमध्ये बाप माणूस. पण क्लायंट कॉल सुरू झाला की मूग गिळून बसतो. कामाचं बोलणं कसंबसं निभावतो. त्याआधीच्या पाच मिनिटांच्या हवापाण्याच्या गप्पा मात्र त्याला घाम फोडतात. ऑनसाइटचा इंटरव्ह्यू दोन आठवड्यांवर आलेला. नाइट शिफ्ट संपवून तो थेट स्वारगेटला उतरला, तिथून आम्ही चालत यार्डात. (फ्रीलान्सरची सकाळ मोकळीच असते. चेक आलेला असो वा नसो.)

कांदा-बटाटा विभागात शिरलात की पहिला शब्द पायात येतो. गोणी! इंग्रजीत 'गनी बॅग'. स्पेलिंग जी-यू-एन-एन-वाय. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत या शब्दाचं मूळ चक्क 'मराठी' असं दिलंय, त्याच्याही मागे संस्कृत 'गोणी'. हे ऐकून मित्र थबकला. मागून पाठीवर गोणी घेतलेला हमाल ओरडला, "ओ भाऊ, बाजूला!" तेव्हा कुठे हलला.

गिळलेल्या मुगाचंही तेच. भुसार बाजारात पोत्यात मूग असतात, सुपरमार्केटच्या पाकिटावर 'मंग बीन'. इंग्रजीने हिंदीतला 'मूंग' उचलला, म्हणून त्यात 'एन' आला. आपल्या मुगाचं अनुस्वाराशी पटलेलं दिसत नाही.

भाजीकडे वळा. सातारी आल्याचे ढीग दिसतील. आलं म्हणजे 'जिंजर', पण हे दोन शब्द एकमेकांचे कुणीच नाहीत. आपलं आलं संस्कृत 'आर्द्रक'वरून, म्हणजे ओलं. जिंजर आलंय 'शृंगवेर'वरून, ग्रीक आणि लॅटिनमधून फिरत फिरत. शृंग म्हणजे शिंग. आल्याचा एक तुकडा हातात घेऊन बघा, शिंगं फुटलेली दिसतात की नाही! मुळात हा शब्द दक्षिणेकडून संस्कृतात आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. तमिळमध्ये आल्याला 'इंजी' म्हणतात. एवढं कळल्यावर जिंजर पाठ करावं लागत नाही.

आता फळं. 'ऑरेंज' म्हणजे आपलं नारिंग. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', आणि युरोपात फिरताना सुरुवातीचा 'न' गळून पडला. स्पॅनिशवाल्यांनी मात्र तो जपून ठेवलाय, त्यांचं 'नारांखा' अजून तसंच आहे. आणि केशरी रंगाला ऑरेंज हे नाव फळावरून मिळालं, उलटं नाही.

सगळ्यात सही स्टोरी 'मँगो'ची. तमिळमध्ये 'मांगाय' म्हणजे कैरी, मल्याळममध्ये 'मांगा'. ते पोर्तुगीजांनी उचललं आणि पुढे इंग्रजीत गेलं. म्हणजे मे महिन्यात तुम्ही ज्याला मँगो मँगो म्हणत नाचता, तो शब्दाच्या मुळाशी कच्चाच आहे. पुढची गंमत बघा. इंग्लंडात आंबा पोचला तो लोणच्याच्या रूपात, त्यामुळे काही काळ 'मँगो' म्हणजे लोणचं, आणि 'टू मँगो' म्हणजे लोणचं घालणं! अमेरिकेत ओहायोकडच्या काही भागांत तर मसाला भरून लोणचं घातलेल्या ढोबळी मिरचीलाच मँगो म्हणायचे. जुनी माणसं साध्या ढोबळीलाही म्हणतात.

यार्डाबाहेर पडल्यावर यादी वाढवायला हरकत नाही. 'डंगरीज' ही पँट मुंबईच्या डोंगरीची. तिथल्या जाड्याभरड्या कापडावरून नाव पडलं. 'जंगल' इंग्रजीत घनदाट असतं, पण संस्कृतातला 'जांगल' प्रदेश कोरडा, विरळ झाडांचा. अर्थ पार उलटा झाला. आणि 'मंगूस' म्हणजे आपलं मुंगूस, हाही थेट मराठीतून गेलेला. अनेकवचन 'मंगूसेस'. 'मंगीस' म्हणालात तर गेलात. गूसचा आणि त्याचा काही संबंध नाही.

आता एक वॉर्निंग. 'ंग' दिसला की प्रत्येक वेळी इंग्रजीत भाऊबंद शोधायला धावू नका. मसाल्याच्या दुकानातली लवंग घ्या. इंग्रजीत ती 'क्लोव्ह', आणि तो शब्द लॅटिनमधल्या 'खिळा' या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. लवंगेचा आणि त्याचा दूरचाही सोयरसंबंध नाही. शेंगदाण्याला तर इंग्रजीने हातही लावलेला नाही.

मित्राचा इंटरव्ह्यू अजून व्हायचाय. मात्र त्यानंतरच्या सोमवारच्या कॉलवर हवापाणी सुरू झालं तेव्हा त्याने मँगो आणि ढोबळी मिरचीचा किस्सा सांगितला. व्याकरण दोनदा घसरलं, म्हणे. पण तीन मिनिटं बोलला. आता त्याने 'सी' आणि 'आर' घेतलेत. करी, कॉयर आणि कोप्रा एवढे सापडलेत. पैकी कोप्रा म्हणजे आपलं खोबरं. पुढची सकाळ नारळाच्या गाळ्यांवर.