नाली नसलेली गल्ली

‘आमच्या गावात नाल्या नाहीत’ असं कुणी सांगितलं की ती तक्रार असते. ओळखीच्या एका शिक्षकांनी मात्र ते फुशारकीने सांगितलं, म्हणून मी नांदेड जिल्ह्यातलं ते गाव बघायला गेले.

मार्चमधली सकाळ. घराघरांतून भांडी घासल्याचा, धुणं आपटल्याचा आवाज येत होता आणि गल्ली कोरडी ठणठणीत. पाणी जातं कुठे? “खाली,” गाव दाखवणारे मिस्त्री म्हणाले आणि चपलेच्या टोकाने मातीत चौकोन काढला. “चार बाय चार बाय चार फूट.”

या जिल्ह्यातले शोषखड्डे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून गाजले. करायला सोपे. खड्डा खणायचा, तळाशी मोठे दगड, त्यावर भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती आणखी दगड, वर झाकण. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही. फक्त न्हाणीचं आणि मोरीचं. मी मनात हिशेब मांडला. जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतं, म्हणजे पाच जणांच्या घरात २७५. चार बाय चार बाय चारमध्ये १,८०० लिटर मावतं. दगडांनी निम्म्याहून जास्त जागा खाल्ली तरी दोन दिवसांचं सांडपाणी सहज राहील.

पण ते मुरायला तर हवं! काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. “नाही लागला तर चारचे सहा करायचे,” मिस्त्री म्हणाले. एवढा खटाटोप डास टाळायला: उघड्या डबक्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. झाकलेल्या पाण्यात त्याला अंडी घालायला वाट नाही. गावाला खड्ड्यांचा अभिमान आहे तो त्यामुळेच.

तेवढ्यात समोरच्या दारातल्या मावशी बादली घेऊन बाहेर आल्या. खड्ड्याच्या आधी गाळ अडवायला एक छोटी कुंडी असते, तिच्यावरची फरशी त्यांनी सरकवली. आंबलेलं ताक आणि साबण एकत्र झाल्यासारखा वास नाकात शिरला. त्यांनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातला आणि केसांचा गुंता, भाताची शितं, राखाडी लिबलिबीत साय असं सगळं बादलीत काढलं.

“दर आठवड्याला?”

“आठ दिवसाला. नाहीतर तुंबतंय.”

“घरात दुसरं कुणी काढतं का?”

त्या हसल्या. “खड्डा झाला तेव्हा फोटोला आमचे हे उभे होते.”

खड्डा खणल्याची मजुरी रोजगार हमीतून निघते. या हाताचा हजेरीपट कुठेच नाही.

निघताना मागच्या गल्लीत एका दारासमोर चिखल दिसला. झाकणाच्या कडेने पांढुरकं पाणी वर येत होतं आणि त्यावर चिलटं घोंगावत होती. घरातले आजोबा ओशाळून म्हणाले, “सून बाळंतपणाला माहेरी गेलीय. तीन महिने झाले.”

मिस्त्रींच्या मनाला हे लागलं असावं. त्यांनी खिशातून टेप काढला, चिखलात उकिडवे बसले आणि मला झाकणाभोवतीची कड मोजून दाखवली. एका बाजूने चार, दुसऱ्या बाजूने चार. मापात काहीच चूक नव्हती.