शाळीग्रामातला जीव

तुळशीच्या लग्नात शाळीग्राम आपण सर्वांनी पाहिला आहे. काळा, गुळगुळीत, वाटोळा दगड. काहींना भोक असते आणि आत चक्र दिसते. हे चक्र कोणी कोरले? जुनी माणसे सांगत, वज्रकीट नावाच्या किड्याने. दगडात एका जीवाची खूण आहे हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पण त्या जीवाने दगड पोखरला नाही. जीव आधी होता. दगड त्याच्याभोवती मागाहून झाला.

शाळीग्राम नेपाळात काळी गंडकी नदीत सापडतात. तिथले मुक्तिनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंच आहे. इतक्या उंचावर, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी चक्क समुद्र होता! त्याच्या तळाशी मऊ चिखल साचत होता. मेलेल्या जीवांची कवचे त्यात रुतली. वर गाळाचे थर बसले आणि कवचाभोवतीचा चिखल घट्ट होऊन गोळा बनला. पुढे आपली भूमी सरकत जाऊन उत्तरेच्या भूमीला भिडली. मधला समुद्रतळ वर उचलला गेला, तोच हिमालय. आता नदी डोंगर कापते आणि गोळे मोकळे होतात.

या जीवाला अमोनाइट म्हणतात. मुंबईच्या मासळीबाजारात माकूळ मिळते, तिचा हा लांबचा भाऊबंद. याचे कवच मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले. आत भिंती घालून खोल्या केलेल्या. जीव राही फक्त बाहेरच्या खोलीत. मागच्या खोल्या पोकळ. तोंड बांधलेली रिकामी घागर बुडत नाही ना, तसा हा पाण्यात तरंगत राही. म्हणजे चिखल हे त्याचे घर नव्हे, ते त्याचे मसणवट!

तो खात काय असेल? २०११ साली शास्त्रज्ञांनी अमेरिकेत सापडलेल्या याच कुळातल्या एका जीवाचे कवच क्ष-किरणांनी तपासले. तोंडात दातेरी जीभ दिसली. दातांशी कोळंबीच्या जातीचे बारीक जीव आणि गोगलगायीचे एक पिल्लूही होते. घास तोंडातच राहिला होता!

चिखलात खरोखर राहतात ते दोन झाकणांचे शिंपले. ते अंग पुरून घेतात, नळी वर काढतात, पाणी आत ओढतात आणि त्यातले सूक्ष्म अन्न गाळून घेतात. पण तिथेही वैरी पोचतो. कोकणच्या किनाऱ्यावर वाटोळे भोक पडलेला शिंपला पुष्कळदा दिसतो. तो दोऱ्यात ओवण्यासाठी कोणी टोचलेला नसतो. एका गोगलगायीने तो पोखरून आतला जीव खाल्लेला असतो. लाखो वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांवरही अशीच भोके सापडतात.

आता आपल्याकडचे पाहू. कृष्णाकाठी गाळात विहीर खणताना शिंपले निघाले, की कोणी तरी म्हणतोच, “इथं पूर्वी समुद्र होता बघा.” तसे नाही. आपला काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहून आलेल्या तप्त रसाचा आहे. त्यावरचा गाळ नदीने आणला, आणि ते शिंपले नदीचेच आहेत. कराडच्या संगमावर किंवा हरिपूरला वाळूत आजचे शिंपले शोधा आणि विहिरीतल्या शिंपल्याशेजारी ठेवा. आतून तीच मोत्याची झाक, तोच आकार. हेही पाणी गाळूनच पोट भरतात. यांची पिल्ले मात्र काही दिवस माशांच्या अंगाला चिकटून वाढतात. म्हणून नदीतले मासे मेले, की मागोमाग शिंपल्यांचाही वंश खुंटतो.