कर्करोग बरा झाला, साखरेचे काय?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार पार पडले, की घर सुटकेचा नि:श्वास टाकते. वर्ष-दीड वर्ष साऱ्यांचे लक्ष त्या एका आजारावर खिळलेले असते आणि मधुमेहाची जुनी फाइल मात्र कपाटात पडून राहते. ‘एवढे मोठे दुखणे निभावले, साखरेचे काय घेऊन बसलात?’ असे नातेवाईकही म्हणतात. प्रत्यक्षात कर्करोगावरील उपचारांमुळेच साखर बिघडू शकते. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. त्यामुळे हे दोन आजार एकाच स्त्रीच्या वाट्याला येणे मुळीच दुर्मिळ नाही.

पहिले कारण स्टिरॉइडचे. केमोथेरपीच्या वेळी मळमळ आणि ॲलर्जी टाळण्यासाठी डेक्सामेथासोन दिले जाते. त्याने इन्शुलिनचा प्रभाव घटतो आणि यकृतातून अधिक साखर रक्तात येऊ लागते. ही वाढ मुख्यतः दुपारी आणि संध्याकाळी, जेवणानंतर दिसते. सकाळी उपाशीपोटी केलेली तपासणी बरेचदा ठीक येते आणि रुग्ण निर्धास्त राहतो. म्हणूनच स्टिरॉइडच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहणे महत्त्वाचे असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही या काळात फसवी ठरू शकते. रक्तक्षय झाला असेल किंवा रक्त चढवले असेल, तर तिच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

उपचार संपल्यावरही प्रश्न संपत नाही. पाळी अकाली थांबते, वजन वाढते, स्नायू झडतात. हार्मोनवर अवलंबून असलेल्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनची गोळी ५ ते १० वर्षे घ्यावी लागते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ज्येष्ठ स्त्रियांच्या २०१२ मधील अभ्यासात ही गोळी घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. या भीतीने गोळी परस्पर बंद करणे हा मात्र घातक उपाय होय. कर्करोग उलटण्याचा धोका टाळण्यात तिचा लाभ कितीतरी मोठा आहे.

या गोळीमुळे आणखी एक गोंधळ होतो. अंगातून एकाएकी गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते. साखर उतरल्यावरही घाम आणि धडधड होतेच. मधुमेही स्त्री घाबरून पेढा किंवा साखर तोंडात टाकते. दिवसातून चार वेळा असे झाले, तर साखर आटोक्यात राहणार कशी? अशा वेळी ग्लुकोमीटरवर आकडा पाहावा. तो ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. यंत्र हाताशी नसेल, तर मात्र साखर उतरली आहे असेच समजून चालणे सुरक्षित.

खाण्याच्या बाबतीत घराघरांत दोन टोके दिसतात. एकीकडे ‘अंगात ताकद यावी’ म्हणून शिरा, डिंकाचे लाडू, फळांचे रस आणि ग्लुकोजचे पाणी यांचा मारा होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे आणतो, ते वेगळेच. दुसरीकडे ‘साखर म्हणजे कर्करोगाचे खाद्य’ असे कुठेतरी वाचून भात, पोळी, फळे सारेच बंद केले जाते. कर्करोगाच्या पेशी साखर अधिक वापरतात हे खरे. परंतु आहारातून पिष्टमय पदार्थ संपूर्ण वगळल्याने कर्करोग उपाशी मरतो, याला आधार नाही. अशक्तपणा तेवढा वाढतो. झिजलेल्या स्नायूंसाठी गरज असते ती प्रथिनांची. ती उसळी, घट्ट वरण, दही, अंडी, मासळी यांतून मिळू शकतात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. शिवाय मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. चातुर्मासातले उपवास डॉक्टरांशी बोलूनच करावेत. उलट्यांमुळे अन्न पोटात राहत नसेल, तेव्हाही औषधांचा डोस तातडीने विचारून घ्यावा. विशेषतः डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या अशा दिवसांत सहसा थांबवायला सांगतात, कारण रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो.

पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमो औषधांनी तळपायाच्या संवेदना बोथट होतात. मधुमेहही तेच करतो. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून आलेल्या स्त्रीला फोड दिसतो तो थेट रात्री. घरातही चप्पल वापरणे आणि झोपण्यापूर्वी तळपाय उजेडात पाहणे एवढे तरी व्हायलाच हवे. काखेतील गाठी काढलेल्या हाताला सूज आणि जंतुसंसर्ग यांची शक्यता असते. त्यामुळे साखर तपासण्यासाठी दुसऱ्या हाताचे बोट टोचावे, इन्शुलिन पोटावर किंवा मांडीवर घ्यावे, असा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात.

मेटफॉर्मिनने कर्करोग परतत नाही, असे अनेकींनी ऐकलेले असते. मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. बहुसंख्य स्त्रियांमध्ये असा लाभ दिसला नाही. साखरेसाठी ही गोळी उत्तमच आहे. पेट स्कॅन ठरला असेल, तर ती घेत असल्याचे आधी सांगावे, कारण तिच्यामुळे चित्रात आतडी उगाच उजळून दिसतात. शिवाय त्या दिवशी साखर २०० च्या वर गेली, तर स्कॅन पुढे ढकलला जाऊ शकतो. मधुमेहाच्या डॉक्टरांना स्कॅनची तारीख आणि कर्करोगतज्ज्ञांना मधुमेहाच्या औषधांची यादी ठाऊक असेल, तर ही फेरी वाचते. आज पुष्कळदा हे दोन डॉक्टर एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहतच नाहीत.