पंचवीस म्हटलें कीं बावन्न

ज्या घरांत पहिली-दुसरीच्या वर्गांत जाणारें मूल आहे, तेथील श्रोत्यांना पुढील प्रसंग नवा वाटणार नाहीं. दिवेलागण झाली आहे. आई स्वयंपाकघरांतून संख्या सांगत आहे आणि मूल त्या पाटीवर लिहीत आहे. ‘पंचवीस’ असा उच्चार होतो आणि मूल मोठ्या विश्वासानें ५२ लिहितें. वडील डोकावतात, ‘कालच शिकविलें होतें ना?’ म्हणून रागावतात. मूल पुसतें, गोंधळतें, आणि आपलें गणित कच्चें आहे ही समजूत त्याच सायंकाळीं त्याच्या मनांत घर करूं लागते. पुढें ती निघतां निघत नाहीं. वास्तविक ही चूक गणिताची नव्हेच; ती कानाची आहे.

पंचवीस या शब्दांत आधीं ऐकूं येतो तो पांच, आणि मागून वीस. मूल ज्या क्रमानें ऐकतें त्याच क्रमानें लिहितें. मराठीला हा क्रम ‘पञ्चविंशति’ अशा संस्कृत संख्यानामांपासून वारशानें मिळाला. हिंदी व गुजराती या भाषांचीही हीच रीत आहे. दूरच्या जर्मन भाषेंतही एकं आधीं आणि दहं नंतर बोलतात, आणि तिकडचीं मुलेंही लिहितांना अशीच उलटापालट करतात. उलट कानडी व तेलुगु भाषांत आधीं दहं बोलतात. इंग्रजींतही विसाच्या पुढें तसेंच. म्हणजे पाटीवर ५२ लिहिणारें मूल निष्काळजी नसतें. तें फार लक्षपूर्वक ऐकणारें असतें, एवढेंच.

याहून अवघड गोष्ट म्हणजे हीं नांवें एका सांच्यांतून निघालेलीं नाहींत. दोन ही संख्याच घ्यावी. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव; यांपैकीं एकांतही ‘दोन’ हा शब्द जसाच्या तसा नाहीं. पन्नासाचें तर कोठें ‘वन्न’ होतें, कोठें ‘पन्न’. एकोणतिसाची गंमत आणखी निराळी. ‘ऊन’ म्हणजे उणें. एकानें उणे असे तीस, तें एकोणतीस. मोठ्यांना हें सांगावें लागत नाहीं. परंतु मुलाच्या कानावर ‘एक’ आणि ‘तीस’ हे दोनच ओळखीचे ध्वनि पडतात आणि तें ३१ लिहून मोकळें होतें. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत पाळून मराठी भाषा नव्व्याण्णवाशीं ती मोडते, तें वेगळेंच!

हीच अडचण ओळखून २०१९ सालीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचनाची जोड देण्यांत आली. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनीं या बदलाचें जाहीर समर्थन केलें. त्यावर वृत्तपत्रांत आणि विधिमंडळांतही बराच गदारोळ झाला व पुष्कळ थट्टा झाली. जुनीं नांवें त्या पुस्तकांतून काढून टाकलेलीं नव्हतीं, हें थट्टेच्या भरांत अनेकांच्या ध्यानांत राहिलें नाहीं. नवें वाचन ही शिडी आहे. वर चढल्यावर ती बाजूला ठेवतां येते. मात्र शिडी आहे म्हणून माडीच नको, असें म्हणून चालणार नाहीं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जाणारें मूल आजीनें ‘अडतीस रुपये दे’ म्हटलें कीं तिच्या तोंडाकडे पाहात राहतें, हें दृश्य आतां घरोघर दिसतें. त्या मुलाचें गणित चांगलें असतें, परंतु बाजारांत आणि आजीच्या गोष्टींत तें परकें होतें. अशा घरीं मराठी नांवें शिकविण्याचें काम शाळा करणार नाहीं. तें आजीनेंच केलें पाहिजे.

यावर घरीं करण्याचा उपाय अगदीं स्वस्त आहे. शंभर काड्या घ्याव्या. खराट्याच्या हिराचे सारखे तुकडे केले तरी चालतात. दहा-दहांच्या जुड्या मुलाच्याच हातानें बांधवाव्या. तयार जुड्या हातीं दिल्या तर निम्मा लाभ गेला, कारण दहा सुट्या मिळून एक जुडी होते हें बोटांना कळावयाचें असतें. मग दोन जुड्या व पांच सुट्या काड्या समोर मांडून प्रथम ‘दोन जुड्या, पांच सुट्या’ असें म्हणवावें, नंतर ‘वीस आणि पांच’, आणि शेवटीं ‘पंचवीस’. जुड्या डावीकडे, सुट्या उजवीकडे. लिहिण्याचा क्रमही तोच. एका बैठकींत पांच-सहा संख्यांहून अधिक घेऊं नयेत.

मुलानें ५२ लिहिलें तर खोडरबर पुढें करूं नये. ‘तूं लिहिलेस तेवढ्या काड्या मांड बरें’ इतकेंच म्हणावें. पांच जुड्या मांडतां मांडतां बहुतेक मुलें स्वतःच थबकतात. दहाच्या नोटा आणि रुपयाचीं नाणीं वापरलीं तर आणखी लवकर थबकतात, कारण पंचवीस आणि बावन्न रुपयांतील अंतर कोणत्याही बालकाला समजावून द्यावें लागत नाहीं! एकोणतिसासाठीं तीन जुड्या मांडून त्यांतील एक काडी काढून घ्यावी. मग ‘उणें’ हा शब्द डोळ्यांना दिसतो.

देवनागरी ३ आणि ६ यांचा घोळ मात्र वेगळा समजावा. हे अंक एकमेकांचीं आरशांतील प्रतिबिंबें असल्यासारखे आहेत. ३६ मध्यें ते एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून तर भांडणाऱ्या दोघांत ‘छत्तिसाचा आंकडा’ असतो, आणि ६३ मध्यें ते समोरासमोर येतात. ही गोष्ट मुलांना सांगितली तर तीं हंसतात आणि विसरत नाहींत.

राहिला प्रश्न चापट्यांचा. शाळेंत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदी केली, आणि ती योग्यच होती. परंतु गृहपाठाच्या वेळीं घरांत तो कायदा कोणाला आठवत नाहीं. ज्यानें ऐकलें तसें लिहिलें त्याला मारून तें मूल ऐकणेंच सोडून देतें.

आईवडिलांना स्वतःला लिहितां-वाचतां येत नसेल तरीही जुड्यांचा हा खेळ अडत नाहीं. उलट मुलानेंच आईला शिकवावें. नव्व्याण्णव काड्या मांडून झाल्या कीं शेवटची सुटी काडी तिच्या हातानें ठेववावी, दहावी जुडी बांधून होऊं द्यावी, आणि मग त्या दहा जुड्यांची मिळून एक मोठी मोळी जाड दोऱ्यानें बांधवावी. ती बांधण्यास दोघांचेही हात लागतात.