वाकायला शिकवलेलं लाकूड

आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडाली. १९८२ मध्ये तिचा सांगाडा वर आला. गाळाने जपलेल्या सामानात शंभराहून अधिक अखंड लाकडी धनुष्यं निघाली. तोवर इंग्लिश ‘लाँगबो’ची ख्याती चित्रांत आणि बखरींत होती, जुने नमुने मात्र जवळजवळ नव्हतेच. आता कारागिरांना मापं घ्यायला अस्सल वस्तू मिळाली.

ही धनुष्यं यू झाडाची, साधारण दोन मीटर लांब. यूच्या खोडात दोन स्वभावांची लाकडं एकजीव असतात. सालीलगतचं पांढुरकं लाकूड ताण सोसतं, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. धनुष्य वाकलं की बाहेरची पाठ ताणली जाते आणि तिरंदाजाकडचं पोट दाबलं जातं. म्हणून पांढरा थर पाठीला नि गाभा पोटाला येईल अशीच दांडी काढतात. इंग्लंडमधला यू बराचसा वाकडा आणि गाठाळ. सरळ लाकूड युरोपातून येई. १४७२ च्या कायद्याने तर व्यापारी जहाजांवर मालाच्या दर टनामागे चार दांड्या आणण्याची सक्तीच केली.

खोड करवतीने कापण्यापेक्षा पाचरी ठोकून चिरणं बरं, कारण फाट धाग्यांच्या कलाने जाते. टोकांना मेण किंवा सरस लावून लाकूड सावलीत महिनोन्‌महिने सुकवतात. घाई केली की तडा गेलाच. मग दोन मुठींच्या सुरीने साल निघते. पाठीवर हत्यार जपून चालवायचं. तिथला वाढीचा थर तुटला, तर धनुष्य नेमकं तिथूनच फाटतं. गाठ आली तर ती सपाट करत नाहीत. तिच्याभोवती लाकूड जरा जाड ठेवतात. मेरी रोझवरच्या धनुष्यांतही असे उंचवटे दिसतात.

खरी परीक्षा पुढे. दांडी भिंतीवरच्या खुंटीला अडकवून दोरी-कप्पीने थोडी खेचायची आणि लांब उभं राहून दोन्ही भुजांची कमान पाहायची. जिथे लाकूड ताठ राहिलं, तिथेच पोटाकडून कानशीने खरवडायचं. जिथे जास्त वाकतंय, तिथे हात लावायचा नाही. कमजोर जागेत लाकूड परत भरता येत नाही, म्हणून उरलेली सगळी दांडी तिच्या जोडीला आणावी लागते. प्रत्येक खरवडीनंतर पुन्हा पुन्हा वाकवायचं, कारण लाकडाला बदल अंगवळणी पडायला वेळ लागतो. ठरलेल्या वजनापलीकडे मात्र खेचायचं नाही. शेवटी टोकांवर शिंगाच्या खाचा बसवतात, नाहीतर दोरी मऊ यू कापत जाते.

मेरी रोझवरची धनुष्यं पूर्ण ताणायला अंदाजे १०० ते १८५ पौंड जोर लागे. आजची ऑलिंपिकमधली धनुष्यं ५० पौंडांच्या आसपास असतात. एवढी ताकद कमवायला पोरवयापासून सराव लागे. नौकेवरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचं टोक मूळ हाडाशी जुळलेलंच नाही, आणि लहानपणापासूनची जड तिरंदाजी हे त्याचं कारण असावं असं अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाअखेर बंदुकीने लाँगबोला मागे सारलं, त्यामागे हाही हिशेब होता. बंदूक चालवायला माणूस काही आठवड्यांत तयार होई. धनुष्यासाठी लाकूड आणि माणूस दोघांनाही वर्षं द्यावी लागत.