'मस्त होता बे'च्या पुढे काय?

सिनेमा संपतो. पडद्यावर नावं धावायला लागतात, ती वाचायला कुणी थांबत नाही. पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत ग्रुपवर पहिला मेसेज पडलेला असतो, 'मस्त होता बे.' त्याखाली दुसरा, 'मले तर काही खास नाही वाटला.' तिसरा नुसता अंगठा टाकतो, चौथा एक मीम टाकतो आणि अडीच तासांच्या सिनेमाचा निकाल अडीच मिनिटांत लागतो. तुमच्या ग्रुपवर पण असंच होतं ना?

फार झालं तर आर्वी नाक्यावर चहा होतो. आपला जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे निदान कागदोपत्री तरी आपल्या सगळ्या चर्चा चहावरच होतात. पण तिथंही गाडी 'पैसा वसूल की नाही' याच्यापुढे सरकत नाही. पैसा वसूल हा तिकिटाचा हिशेब झाला, सिनेमाबद्दल त्यात काहीच कळत नाही. थोडं खोदून विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, 'आपल्याले काय समजते त्यातलं, आपण का क्रिटिक हाओत?'

इथंच माझं तुमच्याशी भांडण आहे. काही सिनेमे असे आहेत, की ज्यांच्याबद्दल मुंबईच्या समीक्षकापेक्षा समुद्रपूर किंवा देवळीच्या पोराला, पोरीला जास्त कळतं. कॅमेरा, एडिटिंग वगैरे सोडा हो. सिनेमात जे चाललंय ते खरं आहे की खोटं, हे सांगायला तुमच्याइतका लायक माणूस दुसरा नाही. आणि तुम्हीच अंगठा टाकून मोकळे होता.

'स्थळ' घ्या. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा सिनेमा २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथं त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडे थिएटरात यायला ७ मार्च २०२५ उजाडला. म्हणजे कॅनडातल्या लोकांनी आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव आपल्याआधी दीड वर्ष पाहून घेतलं! पडद्यावरची बहुतेक माणसं कधी कॅमेऱ्यासमोर न गेलेली, तिथलीच. गोष्ट एका ओळीची आहे. सविता समाजशास्त्र शिकते, तिला लग्नाआधी काहीतरी व्हायचंय. बाप कापूस पिकवतो, त्याला भाव मिळत नाही आणि पोरीचं लग्न जुळत नाही. पाहुणे येतात, बसतात, विचारतात, खातात, जातात. मग दुसरे येतात.

हा सिनेमा पाहिलेल्या चारपाच जणांना एकत्र बसवा आणि फक्त एवढंच विचारा, की बघण्याचा कार्यक्रम इतक्यांदा का दाखवला? एक जण नक्की म्हणेल, 'तेच तेच होतं, बोर झालं.' त्याचं चूक नाही. तेच नाव, तेच शिक्षण, तीच उंची, तेच छंद. प्रश्न बदलत नाहीत, विचारणारे तेवढे बदलतात. पण मग त्याला पुढचं विचारा. तुला खुर्चीत बसून तिसऱ्यांदा पाहताना कंटाळा आला, तर तिला तिथं बसून तिसऱ्यांदा उत्तर देताना काय झालं असेल? आता चर्चा सुरू झाली. तो कदाचित म्हणेल, 'ते मले पहिल्याच खेपेत समजलं होतं, तिसऱ्यांदा कायले दाखवता?' हाही मुद्दा आहे, आणि चांगला आहे. कंटाळा हा सिनेमाचा दोष की सिनेमाचं काम, यावर तासभर वाद घालता येतो. मला विचाराल तर ते त्याचं काम आहे. पण तुम्ही मला पटवू शकता.

गंमत म्हणजे सिनेमाची सुरुवातच उलटी आहे. तिथं बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारतायत. थिएटरात हसू येतं. मग कळतं की हे सविताचं स्वप्न आहे. आपण कशाला हसलो? पुढे तेच प्रश्न मुलीला विचारले जातात तेव्हा कुणी का हसत नाही? माझ्या मते 'स्थळ'वर वाद घालायचा तर इथून सुरू करावा, कारण या प्रश्नाला बगल देता येत नाही. हसला होतात की नव्हता?

आता थोडं अवघड. तुमच्या ग्रुपमधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोरांपैकी एखादा तरी मुलगी पाहून आलेला असतो. गप्पांत तो हळूच म्हणतो, 'मी काहीच नव्हतं विचारलं यार, काकाच विचारत होते.' आणि ग्रुपमधली एखादी मुलगी कधीतरी त्या दुसऱ्या बाजूला बसून आलेली असते. तिने ते कुणाला सांगितलेलं नसतं. कसं सांगणार? कोण नकार देऊन गेलं, कोणत्या कारणाने गेलं, हे कट्ट्यावर सांगायची गोष्ट आहे का? पण सविताबद्दल बोलताना ती बोलते. 'त्या सीनमध्ये ती मान वर करत नाही, ते बरोबर दाखवलंय,' एवढंच म्हणते. त्या एका वाक्यात तिचं काय काय येऊन जातं, हे ऐकणाऱ्याला कळतं. काकांच्या मागे लपलेल्या पोरालाही कळतं.

सिनेमावरची चर्चा एवढ्यासाठी हवी असते. घरात जे बोलता येत नाही, ते पडद्यावरच्या माणसाच्या नावावर खपवता येतं. आणि नेमकं असं काही कुणी बोलायला लागलं, की कुणीतरी 'सोड ना बे, सिनेमाच तर आहे' म्हणून विषय गुंडाळतो. त्या माणसाला पुढचा चहा पाजायला लावा.

बापाचीही बाजू आहेच. त्याच सिनेमातला दौलतराव वाईट माणूस वाटतो का? पोरीला शिकवतोय आणि तिचं लग्न लवकर उरकायची घाईही करतोय. कापसाचा भाव पडला की घरात काय काय अडतं, हे हिंगणघाटच्या मार्केट यार्डात बापासोबत गाडीवर बसून रांग लावलेल्या पोराला समजावून सांगायची गरज नाही. पण टोरांटोच्या प्रेक्षकाला? त्याला तो भाव म्हणजे गोष्टीतला एक तपशील वाटला असेल. तुमच्यासाठी तीच सगळी गोष्ट असू शकते. मग सांगा की तसं! 'या सिनेमाचा खरा व्हिलन कापसाचा भाव आहे' असं कुणी म्हणालं, तर मी तरी खुर्ची पुढे ओढून ऐकेन. आणि लगेच कुणीतरी मुलगी म्हणेल, 'भाव मिळाला असता तर हुंडा वाढला असता, बाकी काय झालं असतं?' घ्या, आता द्या उत्तर.

भाषेवरही असंच रण पेटतं. 'झुंड' आठवतो? नागराज मंजुळेंचा, ४ मार्च २०२२ ला आलेला. नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला. त्यातली पोरं जी हिंदी बोलतात, ती ऐकून आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. हिंदी विद्यापीठात शिकायला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या मित्राला ती कशी ऐकू येते, एकदा विचारून बघा. त्याला ती चुकीची हिंदी वाटू शकते, आणि त्याच्या-तुमच्या भांडणात अर्धा भाषाशास्त्राचा तास होऊन जाईल. लांबीबद्दलची तक्रार मात्र मला मान्य आहे. जवळपास तीन तासांचा आहे, आणि उत्तरार्धात तो पसरतो. पण कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली ती भिंत मनात राहते. आपापल्या कॉलेजची भिंत कुठे आहे, याचा विचार ज्याने केला नाही त्याने सिनेमा पाहिला, पण पूर्ण नाही पाहिला, असं मी म्हणेन.

आता एक जुना सिनेमा, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसणार. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ चा. गावात शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलीय. अलकाला भीती, की आपला नवरा किसना पण असंच काही करेल. मग ती त्याच्यावर नजर ठेवते, पोराला मागे लावते, त्याला गोडधोड खाऊ घालते. किसनाच्या मनात तसं काहीच नाही, त्याला कळेना की घरात एवढे लाड का चाललेत! गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी, दोघं कमाल आहेत. आणि तुम्ही हसता.

इथं प्रश्न येतो. हसायचं का? २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. त्या सहांत वर्धा होता. म्हणजे हा सिनेमा कुठल्यातरी लांबच्या दुःखाबद्दल नाही. तुमच्या वर्गात असा एक जण असू शकतो, ज्याच्या घरात किंवा शेजारी हे घडलंय. तो हसला तर चालेल आणि पुण्यातला प्रेक्षक हसला तर राग यावा, असं आहे का? की उलट आहे? मला वाटतं, हा सिनेमा हसवतो म्हणूनच सहन होतो. नुसतं रडवणारा सिनेमा आपण अर्ध्यात बंद करून रील बघायला लागलो असतो. पण ज्याच्या घरातून कुणी गेलंय तो 'मले नाही हसू आलं' म्हणाला, तर त्याच्यापुढे माझी थिअरी चालवायची नाही, एवढं भान वादातही ठेवावं लागतं. त्याचं मत खोडायचं नसतं, ऐकायचं असतं.

आणि आता आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं सिनेमावरचं सगळ्यात मोठं भांडण. एका बाजूला महात्मा गांधी, दुसऱ्या बाजूला पंचवीस वर्षांचा एक पत्रकार.

गांधीजी १९३६ पासून सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहत होते. सिनेमाबद्दल त्यांचं मत आधीपासून ठाम होतं. १९२७ मध्ये सरकारने नेमलेल्या सिनेमाविषयक समितीने त्यांना प्रश्नावली पाठवली, तेव्हा त्यांनी कळवलं की मी कधी सिनेमाला गेलेलो नाही, पण त्याने केलेलं नुकसान बाहेरच्या माणसालाही दिसतं. पुढे त्यांनी सिनेमा जुगार, सट्टा आणि घोड्यांच्या शर्यतींच्या ओळीत नेऊन बसवला. यावर ख्वाजा अहमद अब्बास या तरुणाने १९३९ मध्ये बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकात त्यांना उघडं पत्र लिहिलं. सूर आदराचा, पण माघार नाही. तुमच्याबद्दल श्रद्धा आहे म्हणूनच हे वाचून वाईट वाटलं, असा रोख. मग चांगल्या सिनेमांची नावं पुढे ठेवली आणि हे माध्यम वाईट नाही, वापरणारे वाईट असू शकतात, असं मांडलं. विचार करा, देश ज्याच्या शब्दावर तुरुंगात जात होता त्या माणसाला एक पंचविशीतला पोरगा जाहीर सांगतोय, की बापू, तुमचं मत बरोबर नाही.

गांधीजींनी १९४४ मध्ये जुहूला मुक्कामी असताना विजय भट्ट यांचा 'रामराज्य' पाहिला. तो अब्बासच्या पत्रामुळे, असं कुणी समजू नये. आणि अब्बास पुढे स्वतःच सिनेमे करू लागले, 'आवारा' लिहिला, १९६९ मध्ये 'सात हिंदुस्तानी'त अमिताभ बच्चनला पहिली भूमिका दिली. तोच अमिताभ 'झुंड'मध्ये नागपूरच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. फिरून आपल्या इकडेच आला की नाही!

या पत्रातली एक गोष्ट आज उचलण्यासारखी आहे. अब्बास यांनी नावं दिली. 'सिनेमा चांगला असतो' एवढं म्हणून ते थांबले नाहीत, हे बघा, हा बघा, असं दाखवलं. आपल्या ग्रुपवर नेमकं हेच गायब असतं. कोणता सीन? कोणता डायलॉग? कुठे खटकलं? आणि न पाहता मत देण्यात तर आज आपण सगळे पुढे आहोत. ट्रेलर पाहून बहिष्कार, रील पाहून कौतुक, कुणाच्या तरी तीन स्टारवरून आपले तीन स्टार. गांधीजींनी निदान 'मी पाहिलेला नाही' हे आधी लिहून दिलं होतं. आपण तेही लिहीत नाही.

तर या रविवारी एक करून बघा. थिएटरची गरज नाही, होस्टेलची रूम आणि एक लॅपटॉप पुरे. सोबत गोरसपाक असेल तर उत्तमच. पाचसहा जण, एक सिनेमा, फोन उशीखाली. संपल्यावर 'आवडला', 'नाही आवडला' हे दोन शब्द पहिला अर्धा तास बंद. प्रत्येकाने एकच सीन सांगायचा, जो डोक्यातून जात नाहीये, आणि का जात नाहीये ते. ज्याने सिनेमा निवडला त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, नाहीतर तो वकिली करत बसतो. स्पॉयलर देणाऱ्याला माफी नाही.

आणि जमलं तर 'स्थळ' घरी, आईबाबांसोबत बघा. बाबा मधेच उठून पाणी प्यायला जातील. जाऊ द्या. संपल्यावर त्यांना सहज विचारा, तुम्ही आईला पाहायला गेला होतात तेव्हा काय काय विचारलं होतं? मग आई स्वयंपाकघरात एकटी असताना तिला हाच प्रश्न वेगळा विचारा. दोघांची उत्तरं जुळतात का बघा.